ओरोमो भाषेचे आद्य ग्रंथकार

पूर्व आफ्रिकेत सोमाली, अफार, सिदामा इत्यादी ज्या कुशिटिक भाषा नांदतात, त्यांच्यातील ओरोमो भाषेचा ग्रंथसंसार ज्यांनी थाटला, ती माणसे गुलामांच्या बाजारातून सुटून आलेली होती, ही गोष्ट इतिहासाच्या दप्तरात ठळकपणे नोंदवण्याजोगी आहे. बालपणीच पळवून विकला गेलेला ओनेसिमोस नेसिब १८७० साली मसावा बंदरी मुक्त झाला आणि पुढे स्वीडिश मिशनच्या आश्रयाने त्याने मातृभाषेची सेवा आरंभिली. त्याची सहकारी आस्तेर गन्नो ही गुलामांच्या गलबतावरून सुटलेली तरुणी. तिने केवळ स्मरणाच्या बळावर उतरवून काढलेली गाणी, म्हणी आणि कहाण्या १८९४ च्या वाचनमालेत छापल्या गेल्या. मायभूमीपासून तोडलेल्या मुलीने आपल्या समाजाचे वाङ्मय असे जतन करावे, याहून थोर भाषानिष्ठा कोणती? १८९९ साली ओरोमो बायबल इथिओपिक लिपीत प्रसिद्ध झाले. पुढे इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी यांच्या अमदानीत हीच भाषा शाळा, कचेऱ्या आणि न्यायालये यांतून हद्दपार झाली. १९९१ नंतरच ती, रोमन लिपी धारण करून, सरकारदरबारी रुजू झाली.