येळवशीच्या रानातली ज्वारी

मार्गशीर्षातल्या अमावास्येला लातूर जिल्हा आणि नांदेडचा काही भाग रानात जेवायला जातो. कडब्याची कोप, तिच्यात मांडलेले पांडव, आंबील, भज्जी, उंडे हा येळवशीचा थाट सगळ्यांना ठाऊक आहे. लक्ष द्यावे ते तिच्या तिथीकडे. पाऊस परतून दोन महिने झालेले असतात, तरी कोपीभोवतीची ज्वारी हिरवीगार असते. कोरड्या दिवसांत पीक कसे उभे करायचे हे या भागाला फार पूर्वी कळले होते, याचा इतका बोलका पुरावा दुसरा नाही.

वाळवंटातल्या झाडांशी ज्वारीची तुलना नेहमी होते. ती अर्धीच खरी आहे. जैसलमेरला वर्षाकाठी २०० मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो, लातूरला सरासरी आठशेच्या आसपास पडतो, नांदेडला त्याहून जास्त. निवडुंग पाणी स्वतःच्या अंगात साठवतो. इथे ते काम काळी माती करते, आणि ज्वारी ती ओल पुरवून पुरवून वापरते. तिच्या पानाधाटांवर मेणचट पांढरा थर असतो, ऊन चढले की पाने गुंडाळतात, मुळे दीड मीटरपर्यंत ओल शोधत जातात. ओल तुटली की ती वाढ थांबवून वाट पाहते. हे गुण तिने ईशान्य आफ्रिकेतल्या मूळ घरून आणले. पण दिवाळीनंतरच्या थंडीत आणि साठलेल्या ओलीवर टिकणारे वाण दख्खनच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चांगली कणसे बियाण्याला राखून घडवले. मोहोळच्या संशोधन केंद्रातून आलेली मालदांडी ३५-१ अशाच गावरान वाणातून निवडलेली आहे, आणि पुढे किती नवे वाण आले तरी शेतकऱ्याने तिला सोडले नाही.

यावर कोणी १९७२च्या दुष्काळाची आठवण देईल. तेव्हा घरोघरी ज्वारी पिकवली जात होती, तरी लोकांना दुष्काळी कामावर खडी फोडावी लागली आणि परदेशातून आलेली लाल मिलो खावी लागली. आक्षेप खरा आहे. पण त्या वर्षी मातीतच ओल उतरली नव्हती. पीक पाणी निर्माण करत नाही, असलेले लांबवते. ज्वारीकडून याहून जास्त मागणे अन्यायाचे आहे. शिवाय ती मिलो हीसुद्धा ज्वारीच होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ज्वारी सोडून ऊस आणि सोयाबीन लावणारा शेतकरी अडाणी नव्हता. उसाला कारखान्याचा हमखास भाव होता, सोयाबीनला लातूरची बाजारपेठ होती. ज्वारीला मात्र पाखरे राखायची, काढणीला मजूर शोधायचे, आणि रेशनवर स्वस्त गहू-तांदूळ मिळू लागल्यावर गिऱ्हाईकही कमी. म्हणून दोष शेतकऱ्यावर टाकता येत नाही. तो धोरणाचा आहे. वर्षभर रानात राहून दोन हजार मिलिमीटरच्या घरात पाणी मागणारा ऊस आठशे मिलिमीटरच्या प्रदेशात फायद्याचा ठरावा, अशी व्यवस्था आपण उभी केली. एप्रिल २०१६मध्ये मांजरा धरण कोरडे पडून लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्यामागे लागोपाठचे तुटीचे पावसाळे होते, वाढते शहर होते, आणि ही व्यवस्थाही होती. त्याच काळात जनावरांसाठी छावण्या उघडाव्या लागल्या. ज्वारीचे रान धान्याबरोबर कडबाही देते. सोयाबीनच्या रानातून तसा चारा मिळत नाही. ज्वारीचा भाव ठरवताना हा कडबा आणि तिने न मागितलेले पाणी दोन्ही हिशोबात धरले, तर आज तोट्याचे दिसणारे हे पीक तसे राहणार नाही.