मुळशीच्या पावसातली पद्मिनी

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट तयार होऊ लागली. पुढे तिचेच नाव पद्मिनी पडले. ते उत्पादन थांबूनही आता वीस वर्षांवर काळ लोटला.

मुळशीत अशा गाडीचा खरा वैरी पाऊस. डिस्ट्रिब्युटरच्या टोपणात ओल शिरली, की ताम्हिणीच्या चढावर गाडी बसलीच म्हणा! टोपण काढून कोरड्या फडक्याने पुसले, की बहुधा चालू होते. गंज मात्र पुसून जात नाही. चटईखाली तो गुपचूप पत्रा खातो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी. आमच्या घरी विकण्याची गोष्ट निघते, तेव्हा वडील आधी चटई उचलून पाहतात.