हिरड्यांच्या उपचारांचा इतिहास आणि भिलाईचा गुडाखू

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील रूळ रेल्वेकडे जाण्यापूर्वी श्राव्यातीत ध्वनीने तपासले जातात. स्फटिकावरील विद्युतदाब वेगाने बदलला की तो थरथरतो, त्या लहरी पोलादात शिरतात आणि आत भेग असेल तर तिच्यावर आदळून परत फिरतात. क्युरी बंधूंनी 1880 मध्ये दाबविद्युत परिणाम शोधला आणि पुढच्याच वर्षी त्याची उलट बाजूही पडताळून पाहिली. हे तंत्र त्या उलट बाजूवर उभे आहे. त्याच शहरातील दंतवैद्याच्या खुर्चीशेजारीही ते आढळते. रुळाच्या तपासणीत सेकंदाला काही दशलक्ष कंपने लागतात. दातावरील कीटण फोडण्यासाठी 25 ते 50 हजार पुरतात. तेथे मात्र भेग शोधायची नसते, तर हिरडी आणि दात यांच्यामधील खाचेत साचलेला थर सुटा करायचा असतो.

ही गरज फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत दंतमूलाचे 15 रोग सांगितले आहेत. हिरड्यांतून अकारण रक्त येणे, त्या मऊ पडणे, पू होणे, दात हलू लागणे ही वर्णने आजच्या रुग्णालाही ओळखीची वाटतील. दातावरील कठीण थराला तेथे दंतशर्करा म्हटले आहे आणि दंतमूलाला इजा न करता ती काढावी, असे वैद्याला बजावले आहे. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोर्दोबाच्या परिसरात राहणाऱ्या अल्-झहरावीने याच कामासाठी चौदा खरवडण्यांचा संच चित्रांसह नोंदवून ठेवला. थर काढला की आराम पडतो, हे दोघांनाही ठाऊक होते. त्या थरात काय असते, हे मात्र कोणालाच माहीत नव्हते.

ते 1683 मध्ये दिसले. डेल्फ्टचा कापडव्यापारी लेव्हेनहूक याने स्वतःच्या दातांवरील पांढरा लगदा भिंगाखाली धरला, आणि त्यात हालचाल करणारे सूक्ष्म जीव आढळल्याचे रॉयल सोसायटीला कळवले. त्याचे दुसरे निरीक्षण त्याहून मोलाचे ठरावे. व्हिनेगरने चूळ भरली तर थराच्या बाहेरच्या बाजूचे जीव मरत, आतले जिवंत राहत. जीवाणू एकमेकांना चिकटून, स्वतःभोवती चिकट पदार्थाचे कवच उभारून राहतात. म्हणून केवळ औषधाने हा रोग का हटत नाही, याचे निम्मे उत्तर त्या पत्रातच होते. त्याकडे लक्ष जायला जवळपास तीनशे वर्षे लागली.

मधल्या काळात वैद्यकाने बरीच वळणे घेतली. अमेरिकेतील हार्टफर्ड येथील जॉन रिग्ज हे 1870 च्या दशकात सांगत होते की हिरडी कापून टाकू नका, दोष दाताच्या मुळावरील साठ्यात आहे, तो खरवडा. (1844 मध्ये होरेस वेल्स यांचा दात नायट्रस ऑक्साइडच्या गुंगीत काढणारे हेच रिग्ज.) पुढे 1910 मध्ये विल्यम हंटर यांनी माँट्रिअलच्या व्याख्यानात तोंडातील पू हे शरीरातील अनेक रोगांचे मूळ ठरवले. त्या धास्तीपोटी नंतरची दोन-तीन दशके असंख्य दात उपटले गेले, त्यांत वाचवता येण्याजोगेही होते. 1962 मध्ये एका स्त्रीला योनिमार्गाच्या संसर्गासाठी मेट्रोनिडॅझोल दिले असता तिच्या हिरड्यांचे व्रणही बरे झाल्याचे तिनेच सांगितले. त्या योगायोगातून हे औषध दंतवैद्यकात आले.

निर्णायक प्रयोग मात्र अगदी साधा होता. 1965 मध्ये डेन्मार्कमधील आर्हुस येथे हाराल्ड ल्यो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या 12 जणांना दात घासणे बंद करायला सांगितले. 10 ते 21 दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासू लागताच त्या पूर्ववत झाल्या. कारण आणि उपाय एकाच प्रयोगात सिद्ध झाले. श्राव्यातीत कंपनांचे यंत्रही याच सुमारास दंतवैद्यकात रुळत होते. आधी ते दात कोरण्यासाठी योजले होते. त्या कामात वेगवान टर्बाइनपुढे ते हरले, पण 1955 पासून कीटण काढण्यासाठी उपयोगी ठरले.

आजचे उपचार पायऱ्यापायऱ्यांनी चालतात, आणि 2020 च्या युरोपीय मार्गदर्शिकेने त्यांचा क्रम स्पष्ट केला आहे. आधी घरची स्वच्छता, तंबाखू आणि मधुमेह यांवर नियंत्रण. मग हिरडीखालची सफाई. त्यानंतरही 6 मिलिमीटर किंवा अधिक खोल खाच उरली तर शस्त्रक्रिया. आणि पुढे आयुष्यभर नियमित तपासणी. लेझरची जाहिरात मोठी असली तरी सफाईला जोड म्हणून त्याची शिफारस या मार्गदर्शिकेने केलेली नाही. भौतिकशास्त्राच्या चाहत्यांना हे रुचणार नाही, पण पुरावा तसा आहे.

भिलाईत खरा पेच पहिल्याच पायरीवर येतो. छत्तीसगढमध्ये तंबाखू आणि गुळाच्या काकवीचा काळसर लगदा, म्हणजे गुडाखू, बोटाने दात-हिरड्यांवर चोळला जातो. अनेक घरांत दिवसाची सुरुवातच त्याने होते. महाराष्ट्रातील मिश्री ही त्याची सख्खी बहीण. राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार राज्यात तंबाखू वापरणाऱ्या प्रौढांचे प्रमाण 2009-10 मधील 53.2 टक्क्यांवरून 2016-17 मध्ये 39.1 टक्क्यांवर आले; घट मोठी असली तरी दर पाच प्रौढांत जवळपास दोघे उरतातच. केंद्र सरकारने 1992 मध्ये टूथपेस्ट व दंतमंजनात तंबाखू घालण्यास बंदी केली. गुडाखू तंबाखूजन्य पदार्थ म्हणून विकला जातो, वापरला मात्र मंजनासारखा जातो. तो चोळल्यावर ठणका काही वेळ बधिर होतो, म्हणून दुखऱ्या हिरडीवर तोच पुन्हा चोळला जातो, आणि त्या जागी हिरडी मागे सरकत जाते.

त्याला बिडीची जोड असेल तर निदान आणखी अवघड होते. धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, आणि सुश्रुतापासून ओळखीची असलेली धोक्याची खूणच दिसेनाशी होते. खाच वाढत राहते, हाड झिजत राहते, आणि माणूस दात हलू लागल्यावरच दवाखान्यात येतो. उलट धूम्रपान सोडल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत रक्त अधिक येऊ शकते. ते रोग वाढल्याचे लक्षण नसून दडलेली सूज प्रकट झाल्याचे असते. हे आधी सांगितले नाही, तर रुग्ण घाबरतो, व्यसन सोडल्यानेच हिरड्या बिघडल्या असे मानतो, आणि पुन्हा तिकडेच वळतो.