पेठेचा संघ आणि प्रेक्षकांची निष्ठा

आमच्या किकवीवरून जो हमरस्ता साताऱ्याकडे जातो, तोच पुढें खंबाटकीचा घाट ओलांडून कोल्हापुरास पोंचतो. त्या नगरीची कुस्ती सर्वांस ठाऊक आहे. तेथील फुटबॉलचे प्रेक्षक मात्र इतिहासाचा एक निराळाच विषय होत. आणि त्यांत आम्हां ख्रिस्ती लोकांनीं विचार करण्याजोगें बरेंच असल्यामुळें या स्मरणिकेंत त्यांस थोडी जागा देत आहों.

गोव्यांत हा खेळ धर्मगुरूंच्या हातून आला. १८८३ सालीं फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनीं शिवोली येथें तो मुलांस शिकविला. कोल्हापुरांत त्यास आसरा दिला तो तालमींनीं. छत्रपति शाहू महाराजांच्या कारकीर्दींत, म्हणजे १८९४ ते १९२२ या काळांत, कुस्तीस मोठा राजाश्रय मिळाला. तालीम ही नुसती आखाड्याची जागा न राहतां पेठेची जणूं चावडीच झाली. गणपति तेथें बसे, आणि मोहरमचे पंजेहि कित्येक तालमींत हिंदु-मुसलमान मिळून बसवीत. पुढें चेंडूहि तेथेंच आला. पाटाकडील तालीम मंडळ मंगळवार पेठेचें, शिवाजी तरुण मंडळ शिवाजी पेठेचें, दिलबहार तालीम रविवार पेठेची. मूल ज्या गल्लींत जन्मलें तिचा संघ तोच त्याचा संघ. निवड करण्याचा प्रश्नच येत नाहीं. शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला म्हणजे प्रेक्षक पेठवार बसतात, आणि हार झाली तर ती अकरा खेळाडूंची न राहतां साऱ्या पेठेची होते.

मुंबईंत याच्या उलट घडलें. तेथील खेळ क्रिकेटचा होता खरा, परंतु प्रेक्षकांचा प्रश्न तोच. तेथें संघ पडले ते धर्मावरून व जातीवरून: युरोपियन, पारशी, हिंदु आणि मुसलमान. मग ख्रिस्ती मनुष्यानें कोणाच्या बाजूस बसावें? १९३७ सालीं पांचवा संघ निघाला आणि देशी ख्रिस्ती, यहुदी वगैरेंची त्यांत सोय झाली. त्याचें नांव ‘शेष’. उरलेसुरले, असाच त्याचा सरळ अर्थ! त्याच वर्षीं नव्या ब्रेबोर्न स्टेडियमांतील आसनांच्या वांटणीवरून हिंदूंनीं आपला संघ काढून घेतला; प्रेक्षकांच्या खुर्च्या हेंच राजकारण झालें. गांधीजींनीं १९४० सालीं अशा धर्मवार संघांविरुद्ध मत दिलें, तरी सामने चालूच राहिले. १९४३ च्या अंतिम सामन्यांत सांगलीचे मराठी ख्रिस्ती विजय हजारे यांनीं शेष संघाच्या दुसऱ्या डावांतील ३८७ धावांपैकीं ३०९ एकट्यानें काढल्या. त्यांचे बंधु विवेक यांच्याशीं त्यांनीं ३०० धावांची जोड रचली, आणि तींत विवेक यांच्या धावा अवघ्या २१ होत्या. एवढें होऊनहि हिंदु संघ एक डाव व ६१ धावांनीं जिंकला. १९४६ सालीं ती स्पर्धा कायमची बंद झाली. सांगली कोल्हापुराहून कितीशी दूर! हजारे तेथील एखाद्या पेठेंत वाढून तिच्याकडून चेंडू खेळते, तर त्यांस शेष कोणीं म्हटलें असतें?

यावरून पेठेचा अभिमान निर्मळ असतो असें कोणी समजूं नये. कोल्हापुरांत समर्थकांमध्यें शिवीगाळ व दगडफेक वारंवार झाली आहे, आणि मोठ्या सामन्यास पोलिसांचा बंदोबस्त लागतो. जेथें पेठ एका आवाजानें ओरडते, तेथें मतें मागणाऱ्यांचें लक्ष जाणारच. सतेज चषक व चंद्रकांत चषक या स्पर्धांचीं नांवेंच पुरेशीं बोलकीं आहेत. खेळाचा कारभार पाहणाऱ्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनवर राजघराण्याचा वरदहस्त; त्याच घराण्यांतील मालोजीराजे २००४ सालीं आमदार झाले, व त्यांचे वडील शाहू छत्रपति २०२४ सालीं लोकसभेवर गेले. यांत गैर कांहीं आहे असें आम्ही म्हणत नाहीं. मैदान आणि मतपेटी यांच्यामधील अंतर तेथें थोडें आहे, एवढेंच.

गल्लींत जन्मला तोच आपला, हा जुना नियम मात्र आतां सैल झाला आहे. अलीकडे पेठांच्या संघांतून आफ्रिकेंतील खेळाडूहि उतरूं लागले. त्यांची भाषा पेठेस कळत नाहीं, आणि त्यांचा धर्म कोणता हेंहि कोणी विचारीत नाहीं. त्यांच्यापैकीं एखाद्यानें गोल केला कीं पेठ त्याला खांद्यावर घेते.