काम: उन्हापासून निवांतपणापर्यंत

इंग्रजीतील ‘काम’ हा शांत या अर्थाचा शब्द मुळात आगीचा आहे. ग्रीक भाषेत ‘कौमा’ म्हणजे दाहक उष्णता. ‘जाळणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून तो बनला. साबण करताना वापरतात त्या कॉस्टिक सोड्यातील ‘कॉस्टिक’ याच कुळातला. उत्तरकालीन लॅटिनमध्ये तो ‘कौमा’ म्हणूनच आला, आणि बायबलच्या लॅटिन भाषांतरात ईयोबाची हाडे ज्या तापाने करपतात त्यासाठी हाच शब्द योजलेला आहे. पुढे इटालियन, स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये ‘काल्मा’ झाला. मधला ‘ल’ बहुधा ‘तापणे’ या अर्थाच्या दुसऱ्या लॅटिन शब्दाच्या प्रभावाने शिरला असावा. इंग्रजीने तो लिहिण्यात ठेवला, उच्चारात गिळला. मराठी कानाला त्यामुळे हा शब्द नेमका ‘काम’ असा ऐकू येतो, हा निव्वळ योगायोग.

उष्णतेचा अर्थ विश्रांतीकडे कसा वळला, हे बीड जिल्ह्यात समजावून सांगावे लागत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो, भर दुपारी गल्ल्या सामसूम होतात, शेतातली माणसे आणि जनावरे झाडाची सावली धरतात. भूमध्य समुद्राकाठीही उन्हाचा प्रहर आणि आरामाचा प्रहर एकच होता. एकाचे नाव दुसऱ्याला चिकटले. मग खलाशांनी ते समुद्राला लावले. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत शब्द आला तो वारा पडलेल्या, लाट नसलेल्या पाण्यासाठी. माणसाचे मन ‘काम’ असते, हा वापर सोळाव्या शतकातला.

मराठीने वेगळी वाट धरली. ‘निवांत’चे नाते संस्कृत ‘निवात’ म्हणजे वारा नसलेल्या जागेशी सांगितले जाते. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या चित्ताला अशाच जागी न हलणाऱ्या दिव्याची उपमा आहे. इंग्रजी शब्द उन्हातून निघाला, मराठी शब्द वाऱ्यातून, आणि दोन्ही पोहोचले स्वस्थतेपाशी. पण या स्वस्थतेला मूळचा काच आहे: शिडाच्या जहाजाला वारा पडणे म्हणजे अडकून पडणे. फ्रान्सिस ब्यूफोर्टने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वाऱ्याच्या जोराचे जे मोजमाप बसवले, त्यात ‘काम’ची पायरी शून्य आहे. धूर सरळ वर जातो तेव्हा ती लागू होते.

बीडचा शेतकरीही वाऱ्याला बांधलेला होता. रब्बीची ज्वारी काढून कणसे शेणाने सारवलेल्या खळ्यावर पसरायची, मधल्या तिवड्याभोवती बैल फिरवून मळणी करायची आणि मग उफणणी. उंच तिवईवर उभे राहून पाटीतून माल हळूहळू खाली सोडला की जड दाणे सरळ पायाशी पडत आणि भूस वाऱ्याने बाजूला जाई. वारं पडलं की हात थांबे. दाणे आणि भूस एकाच ढिगात पडू लागत. म्हणून उफणणीचा मुहूर्त घड्याळावर नसे, वाऱ्यावर असे. रात्री वारं सुटलं तर रात्रीच खळे जागे होई. वाऱ्याची वाट पाहण्याचा रिकामा वेळ कुणाला निवांत वाटत नसे, कारण अवकाळी पावसाची धास्ती डोक्यावर असे आणि माल उघड्यावर. मळणीयंत्र, ज्याला या भागात हडंबा म्हणतात, गावोगाव आल्यावर हे वाट पाहणे संपले. यंत्र स्वतःचा वारा स्वतःच करते.

वाऱ्याची गरज मात्र जिल्ह्यातून गेली नाही. बालाघाटच्या माथ्यावर, पाटोदा भागात, पवनचक्क्या उभ्या राहिल्या आहेत. सेकंदाला साधारण तीन मीटरच्या खाली वेग उतरला की मोठ्या पवनचक्कीतून वीज निघत नाही. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा चढतो तेव्हा त्यांचे उत्पादन सर्वाधिक असते. पावसाळा सरल्यावर वारा मंदावला की ते उतरते.