चौदा कॅरेटची साखळी

"मामा, रोज घालायला कोणती चेन घेऊ? टिकली पाहिजे, परवडली पाहिजे, आणि उद्या नडलं तर मोडता आली पाहिजे."

भाचीचा हा प्रश्न दिवाळीपासून चालू आहे. ती अकलूजला दवाखान्यात नर्स आहे. हातमोजे, सॅनिटायझर, रात्रपाळी, एस्टीची गर्दी आणि गळ्याशी येणारी पेशंटांची लेकरं, एवढ्या सगळ्यातून ती चेन जायची आहे. मी काही सराफ नाही. पण नातेपुत्यात आमचं घर सोनारांच्या आळीला लागून होतं आणि आमच्या थोरल्या आत्याच्या गळ्यात एक साखळी आहे, तिच्याबद्दल मला बरंच सांगता येतं. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे. घाई असेल त्यांनी सरळ शेवटाकडे जावं, मी रागावणार नाही :-)

आत्याचं लग्न १९६४ च्या मे महिन्यात झालं. लग्नात तिला दीड तोळ्याची साखळी घातली, आणि ती चौदा कॅरेटची होती. आजच्या पोरींना यात काही वाटणार नाही. पण आमच्या घरात हे वाक्य कित्येक वर्षं आवाज खाली करून बोललं जायचं. चौदा कॅरेट म्हणजे चोवीस भागांत चौदा भाग सोनं, बाकीचे दहा भाग तांबं, चांदी वगैरे. शेकड्यात मोजलं तर ५८.३. मराठीत हिणकस हा शब्द आपण वाटेल त्याला लावतो, पण तो मुळात सोनाराच्या दुकानातला. हीण मिसळलेला, कस उतरलेला. ज्या भाषेत चांगल्या माणसाला बावनकशी म्हणतात, त्या भाषेतल्या घरात नवरीच्या गळ्यात हिणकस साखळी पडली होती, आणि तीही कायद्याने.

तो कायदा असा. १९६२ च्या ऑक्टोबरात चीनचं युद्ध झालं. परकीय चलनाची ओढाताण होती, चोरटं सोनं समुद्रमार्गे येत होतं आणि ते विकत घ्यायला देशाचा पैसा बाहेर जात होता. मोरारजी देसाई अर्थमंत्री होते. लोकांची सोन्याची भूक कमी केली तर तस्करी आपोआप मरेल, असा त्यांचा हिशोब. जानेवारी १९६३ मध्ये भारत संरक्षण नियमांखाली सुवर्ण नियंत्रण आलं आणि चौदा कॅरेटपेक्षा जास्त कसाचा नवा दागिना घडवायला बंदी झाली. दागिन्यांखेरीज सोनं असेल, म्हणजे चिपा, नाणी, तर ते जाहीर करा, असाही हुकूम निघाला.

मोरारजींच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण सोनं म्हणजे चैन, ही त्यांची समजूत मुंबई-दिल्लीची होती. माळशिरस तालुक्यातल्या बाईचं बँकेत खातं नव्हतं. शेत नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर. तिच्या नावावर म्हणून जे काही होतं ते गळ्यात, कानात आणि हातात. त्याचा कस कमी करणं म्हणजे तिच्या पासबुकातली रक्कम कमी करणं. हे मंत्रालयात कुणाच्या लक्षात आलं नाही की येऊनही सोडून दिलं, कोण जाणे.

सगळ्यात मोठा दणका बसला तो सोनारांना. गावगाड्यात सोनाराचं काम फक्त दागिने घडवण्याचं नव्हतं. पोतदार म्हणजे नाणी पारखणारा, खरं-खोटं सांगणारा माणूस. कसोटीच्या काळ्या दगडावर दागिना घासायचा, शेजारी नमुन्याच्या सळीची रेघ ओढायची, तेजाब लावायचा आणि कोणती रेघ टिकते ते बघायचं. या माणसाला एका रात्रीत सांगितलं गेलं की तुझं बावीस कॅरेटचं काम आता गुन्हा आहे. चौदा कॅरेटचं सोनं त्याच्या हाताला सवयीचं नव्हतं. ते कडक असतं, तार ओढताना लवकर ताठते, पुन्हा पुन्हा तापवून नरम करावी लागते, रंगही तांबूस येतो. गिऱ्हाईक ते बघून परत जायचं. देशभर लाखो कारागीर बसून राहिले. काहींनी जीव दिले, आणि त्यावरून संसदेतही वादळ झालं.

आमच्या आळीतले सोनारकाका त्या काळात साखर कारखान्याच्या काट्यावर कामाला लागले. गुंजांत तोलणारा माणूस उसाच्या गाड्या तोलायला बसला. (आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा. म्हणजे शहाण्णव गुंजा. तोळा ११.६६ ग्रॅमचा. आता बाजारात दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात, त्यामुळे जुन्या माणसांशी बोलताना हिशोब चुकतो.) रात्री घरी आल्यावर ते डागडुजीची कामं करायचे. तुटलेली कडी, सैल झालेला फासा.

नोव्हेंबर १९६३ मध्ये नियम थोडा सैल झाला. गिऱ्हाइकाचा जुना दागिना असेल तर तो आटवून त्याच कसाचा नवा घडवून द्यायला मुभा मिळाली. पण त्यासाठी घरात जुनं सोनं लागतं. आमच्या आजीकडे मोडण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिची बोरमाळ आधीच विहिरीत गेली होती, म्हणजे विहीर खणण्यात. तेव्हा आत्याची साखळी नव्या सोन्याची आणि म्हणून चौदा कॅरेटची झाली. घडवली सोनारकाकांनीच. पुढे १९६६ मध्ये चौदा कॅरेटची अट उठली. दोन वर्षं उशिरा लग्न झालं असतं तर... असं आजी मरेपर्यंत म्हणायची.

अट उठली तरी नियंत्रण राहिलंच. १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने साध्या माणसाला सोन्याची चीप किंवा नाणं जवळ ठेवायला मनाई होती. सोनारालाही ठरावीक मर्यादेबाहेर सोनं बाळगता येत नसे, वर परवाने आणि वह्या. हा कायदा रद्द झाला १९९० मध्ये, तेव्हा अर्थमंत्री होते मधु दंडवते. म्हणजे सत्तावीस वर्षं चाललेलं हे प्रकरण एका समाजवादी मराठी माणसाच्या हातून संपलं. एवढा सगळा काळ तस्करी काही मेली नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकातले हिंदी सिनेमे पाहिले तरी कळतं!

आता साखळीकडे येतो. आमच्याकडे पूर्वी बाईच्या रोजच्या गळ्यात साखळी नसायची. काळ्या मण्यांची पोत, मधे दोन वाट्या, चार सोन्याचे मणी. हे सगळं दोऱ्यात ओवलेलं. दोरा कुजला की पटवेकऱ्याकडून पुन्हा गाठवून घ्यायचं. म्हणजे तुटायचं काम दोऱ्याचं, सोनं शाबूत. गोफ आणि साखळ्या पैसेवाल्यांच्या, आणि बऱ्याचदा पुरुषांच्या. साखळी रोज घालायची म्हटली की मात्र दोऱ्याचं काम सोन्यावर येतं. प्रत्येक कडी शेजारच्या कडीवर दिवसभर घासते. सोनं नरम, त्यामुळे कडी झिजते ती आतल्या बाजूने, जिथे दोन कड्या टेकतात तिथे. वरून चकचकीत दिसते आणि एक दिवस तुटून पदरात पडते.

आत्याची साखळी मात्र तुटली नाही.

१९७२ चा दुष्काळ आमच्याकडे काय होता हे सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. आत्याच्या सासरी बैल गेले, मग भांडी गेली. सासूचे डाग सावकाराकडे गेले. आत्याने साखळीही काढून दिली, तर सावकाराने दगडावर घासून ती परत सरकवली. चौदा कॅरेटवर तो देत होता ते पैसे इतके थोडे होते की तिच्या सासऱ्यांनीच "राहू दे" म्हटलं. दीड तोळ्याच्या त्या साखळीत शुद्ध सोनं जेमतेम दहा ग्रॅम भरतं, हे खरंच. सासूचे बावीस कॅरेटचे डाग परत आले नाहीत. आत्या रोजगार हमीवर खडी फोडत होती तेव्हा साखळी तिच्या गळ्यात होती. तीच साखळी घालून तिने नंतर कांदे काढले, ऊस बांधला, आषाढीला माउलींची पालखी नातेपुत्यात मुक्कामाला आली की दर वर्षी शेकडो वारकऱ्यांना भाकरी वाढली. तिचा फासा दोनदा बदललाय. कड्यांना हात लावावा लागलेला नाही.

हे मी भाचीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग चौदाच घेऊ का?"

इथे उत्तर सोपं नाही. टिकण्याच्या बाजूने बघितलं तर सोन्यात तांबं-चांदी जितकी जास्त, तितकी कडी कडक. मोडीच्या बाजूने बघितलं तर नेमकं उलट. दहा ग्रॅमच्या बावीस कॅरेट चेनमध्ये शुद्ध सोनं ९.१६ ग्रॅम, अठरा कॅरेटमध्ये ७.५, चौदामध्ये ५.८५. हॉलमार्कवर दिसणारे ९१६, ७५०, ५८५ हे आकडे म्हणजे हेच, हजारात किती. जुलै २०२५ पासून नऊ कॅरेटलाही हॉलमार्क मिळायला लागलाय, म्हणजे ३७५. सरकारने १९६३ मध्ये दंडुक्याने जे करून पाहिलं ते आता भाव करतोय. २००० साली दहा ग्रॅमचा भाव ४४०० च्या आसपास होता, २०२५ मध्ये तो लाखाच्या पुढे गेला. लोक आपणहून कमी कॅरेटकडे वळताहेत.

फरक एवढाच की आता कस लिहिलेला असतो. हॉलमार्किंग २००० मध्ये सुरू झालं, पण ऐच्छिक. १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांचा क्रमांक नसलेला हॉलमार्कचा दागिना सराफाला विकता येत नाही. तो क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कॅरेट आणि नोंदणी दिसते. चेनवर तो शिक्का फाशाजवळच्या छोट्या पत्रीवर असतो. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला सक्ती नाही, हे लक्षात ठेवावं. कुणी "केडीएम आहे, चोख आहे" म्हणालं तर तो शुद्धतेचा शिक्का नव्हे. केडीएम म्हणजे कॅडमियम घातलेला डाख. त्याचा धूर कारागिराच्या फुफ्फुसाला घातक.

भाचीला मी जे सांगितलं ते असं. पोकळ चेन रोजच्यासाठी घ्यायची नाही. वजनाच्या मानाने ती जाड दिसते, त्यामुळे मोह होतो, पण चेपली की सरळ होत नाही आणि तुटली की डाख नीट बसत नाही. भरीव, साध्या कड्यांची घे. दोरखंडासारखी पिळाची छान दिसते, पण तिच्यात ओढणीचे धागे आणि केस अडकतात, आणि एक कडी गेली की सगळा पीळ उलगडतो. लांबी वाढवून वजन पातळ करू नकोस, अठरा इंच पुरे. फासा हलका नको, कारण चेन बहुतेक वेळा तिथेच दगा देते. घडणावळ आधी विचार, कारण मोडताना ती कुणी परत देत नाही. यंत्रावरच्या साध्या चेनला ती सहसा कमी पडते. काळे मणी ओवायचे असतील तर ते वेगळ्या पोतीत ओव, काच सोन्याला घासते. आणि दवाखान्यातलं ब्लीचिंगचं पाणी कमी कॅरेटच्या सोन्याला बावीसपेक्षा जास्त बाधतं, तेव्हा फरशीच्या औषधात हात घालायचा असेल त्या दिवशी चेन घरी.

कॅरेटचं विचाराल तर माझं मत अठरा. बावीसची घ्यायची तर रोजच्या ओढाताणीला आठ-दहा ग्रॅमच्या खाली जाऊ नये, आणि ते तिच्या पगारात आज बसत नाही. चौदा सगळ्यात टणक खरी, पण आमच्याकडच्या छोट्या पेठेत ती मोडायला गेलं की अजूनही तोंडं वाकडी होतात. सावकाराचा नातू आहे तो बाजार!

जाता जाता, मागच्या वर्षी आत्याची साखळी एका दुकानातल्या कॅरेटमीटरखाली ठेवून पाहिली. त्या यंत्राला घासायची गरज नाही, क्ष-किरणांवर चालतं. आकडा आला ५८ आणि वर काही दशांश. साठ वर्षांपूर्वी एक बेकार सोनार, काट्यावरची नोकरी करून रात्री चिमणीच्या उजेडात ही साखळी घडवत होता. त्या नियमात अजून दोन-तीन कॅरेट खाली उतरवले असते तर आजोबांना कळलं नसतं. सोनारकाका जाऊन पंचवीस वर्षं झाली. त्यांची पुढची पिढी पुण्यात संगणकावर आहे, आळीत त्यांच्या घराच्या जागी मोबाइलचं दुकान आहे.

भाचीने परवा चेन घेतली. अठरा कॅरेट, भरीव, सहा ग्रॅम आणि काही मिली. बिलावर सोन्याचा भाव, घडणावळ, तीन टक्के जीएसटी आणि हॉलमार्कचा खर्च वेगवेगळा लिहून घेतलाय. आत्याने ती हातात घेऊन तोलल्यासारखी केली आणि विचारलं, "फासा केवढ्याचा आहे गं?"