अर्धवटरावांचा स्वभाव

बोलणाऱ्या यंत्राला स्वभाव कोणता द्यावा, यावर आज मोठमोठ्या कंपन्यांत खल चालतो. मराठी प्रेक्षकाने त्याचं एक उत्तर फार पूर्वीच पाहिलंय. ते म्हणजे अर्धवटराव. शब्दभ्रमकार वाय. के. पाध्ये यांचा हा बोलका बाहुला १९६७पासून त्यांचे पुत्र रामदास पाध्ये यांनी बोलता ठेवला. आत पाहिलं तर जबडा हलवायची, डोळे फिरवायची अशी यांत्रिक सोय. शब्दभ्रमकाराचा आवाज कुठे 'फेकला' जात नाही. हलणारं तोंड दिसलं की आपला कान डोळ्याचं ऐकतो. खरी अडचण प, फ, ब, भ, म यांची. ओठ मिटल्याशिवाय ते निघत नाहीत, म्हणून जिभेनेच त्यांचा भास करायचा. (आणि घराण्याचं आडनाव नेमकं प-ने सुरू होणारं!)

एवढ्याने बाहुला बोलेल, पण लक्षात राहील तो आगाऊपणामुळे. अर्धवटराव मालकाची फजिती करायला टपलेले. जोडीला आवडाबाई आल्या, म्हणजे संसारही आला. हे कूळ जुनं. संस्कृत नाटकातला विदूषक राजाची थट्टा करतो. भोर-वेल्ह्याकडच्या जत्रेत तमाशाचा फड लागला की सोंगाड्या गावच्या बड्यांनाही सोडत नाही. जे शहाण्याने बोललं तर भांडण होईल, ते अर्धवटाच्या तोंडून हशा मिळवतं.

यंत्राला स्वभाव लिहून देण्याची गोष्टही तशी जुनीच. १९६६ साली एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबाउम यांनी एलायझा हा संवादी प्रोग्रॅम मांडला. त्यात संहिता वेगळी ठेवली होती. ती बदलली की एलायझाची भूमिका बदले. गाजली ती मानसोपचारतज्ज्ञाची, समोरच्याचंच वाक्य फिरवून प्रश्न विचारणारी. माणसं तिच्यापाशी मन मोकळं करू लागली, तेव्हा कर्तेच अस्वस्थ झाले.

पुन्हा बाहुल्याकडे येऊ. १९९३च्या 'झपाटलेला' या चित्रपटात रामदास पाध्ये यांनी घडवलेल्या बाहुल्यात तात्या विंचू या गुंडाचा आत्मा शिरतो. स्वभाव बदलला, शिवाय चालवणारा हातही नाहीसा झाला. मला वाटतं, भीती या दुसऱ्या गोष्टीची जास्त. अर्धवटराव कितीही लागेल असं बोलले, तरी रागवायचं कुणावर हे पहिल्या रांगेतल्या पोरालाही कळतं, कारण बोलवता धनी शेजारीच बसलेला असतो. याउलट मोबाइलमधला मदतनीस कधी चिडत नाही, मालकाला टोमणा मारत नाही, आणि त्याचा हा गोडवा कुणी लिहिला ते त्याच्या बोलण्यातून कळत नाही.